नवस मालकाचा, उपास नोकरांना

अमेरिकेच्या कामगार खात्याने एक फॉर्म काढला होता, नंबर ७००. वर संस्थेचे नाव, खाली संस्थेच्या वतीने सही करणाऱ्याचे नाव आणि हुद्दा, पत्ता, फोन, शेवटी सही आणि तारीख. मजकूर इतकाच, की ही संस्था धार्मिक आहे आणि आपल्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्यातून गर्भनिरोधकांचा खर्च व्हायला तिचा श्रद्धेपोटी विरोध आहे. एवढे लिहून दिले की संस्था मोकळी. त्या साधनांचा खर्च पुढे विमा कंपनीने परस्पर भागवायचा, संस्थेने एक सेंटही द्यायचा नाही. निराधार वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या कॅथलिक धर्मभगिनींच्या संघाने ही सही करायला नकार दिला. आमच्या सहीने पुढचे दार उघडणार असेल तर त्या पापात आमचाही वाटा आहे, असे त्यांचे म्हणणे. सूट मागण्याच्या अर्जावर सही करण्यापासूनही सूट हवी, हे ऐकून हसू यावे. पण म्हाताऱ्याकोताऱ्यांची उष्टीखरकटी काढण्यात ज्यांनी जन्म घातला, त्यांच्या श्रद्धेला हसण्यापूर्वी कोणीही थोडे थांबेल, आणि थांबायलाच हवे. या वादात गेली दीड दशके दोन्ही बाजू श्रद्धेच्या खरेपणावर भांडत आल्या. एक म्हणते, हे ढोंग आहे. दुसरी म्हणते, हा धर्मावरचा घाला आहे. श्रद्धा खरी आहे असे आपण बिनशर्त मानू. तरीही एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे. नवस जो बोलला, उपास त्यानेच करायचा असतो. इथे उपास कोणाला घडतो आहे?

आधी कायदा काय होता ते पाहू. २३ मार्च २०१० रोजी बराक ओबामांनी ज्या आरोग्यसुधारणा कायद्यावर सही केली, त्यात प्रतिबंधक उपचार विमेदाराला वेगळे पैसे न भरता मिळावेत अशी तरतूद होती. लस, रक्तदाबाची तपासणी, कर्करोगाच्या चाचण्या वगैरे. स्त्रियांच्या खास गरजा या यादीत नीट आलेल्या नाहीत, हे ओळखून सिनेटर बार्बरा मिकुल्स्की यांनी दुरुस्ती मांडली. त्या गरजा कोणत्या, हे ठरवण्याचे काम ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’कडे गेले आणि २०११ च्या जुलैत त्या संस्थेने गर्भनिरोधकांचा समावेश करावा अशी शिफारस केली. देशातल्या जवळजवळ निम्म्या गर्भधारणा न ठरवता होत असताना ही शिफारस अनपेक्षित नव्हती. कल्पनाही नवी नव्हती. इतर प्रतिबंधक औषधांचा खर्च देणाऱ्या मालकाने फक्त गर्भनिरोधके वगळणे हा स्त्रियांविरुद्धचा भेदभाव ठरतो, असा निर्वाळा तिथल्या समान रोजगार संधी आयोगाने २००० सालीच दिला होता. चर्चना या नियमातून पहिल्यापासून वगळले होते. पाद्र्याच्या पगारपत्रकात सरकारने डोकावले नव्हते. भांडण पेटले ते चर्चशी संलग्न रुग्णालये, महाविद्यालये आणि सेवासंस्था यांच्यावरून, कारण तिथे वेगवेगळ्या धर्मांची आणि कोणताच धर्म न मानणारी माणसे पोटासाठी काम करतात.

आता आरोग्यविमा म्हणजे नेमकी कोणाची वस्तू, ते पाहिले पाहिजे. मालकाने कामगाराला दिलेली ती भेट नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकी सरकारने पगारवाढीवर निर्बंध घातले. माणसे तर हवी होती, पण पगार वाढवता येत नव्हता. तेव्हा कारखानदारांनी विम्याचे आमिष दाखवायला सुरुवात केली, कारण तो निर्बंधांतून सुटला होता. १९५४ च्या करकायद्याने मालक भरत असलेल्या हप्त्यावर कामगाराला प्राप्तिकर लागणार नाही हे पक्के केले आणि ती युद्धकाळातली पळवाट कायमचा राजरस्ता झाली. पगार देता येईना म्हणून विमा आला. त्याचा जन्मच पगाराच्या पोटचा. आजही अर्थशास्त्रज्ञ सांगतात, की मालक भरतो तो हप्ता शेवटी कामगाराच्या संभाव्य पगारातूनच वळता होतो. पगाराच्या नोटांनी एखादीने गोळ्या विकत घेतल्या तर मालकाला पाप लागते, असे कोणताही बिशप म्हणत नाही. मग त्याच मेहनतान्याचा दुसरा भाग विम्याच्या कार्डावर आला की तो मालकाच्या धर्माने कसा बाटतो? आपल्याकडे याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. दान पुण्याचे असेल, पण मिठाई आपली नव्हे.

३० जून २०१४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘हॉबी लॉबी’च्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी नेमका हाच भेद पुसला. हस्तकलेचे सामान विकणारी, शेकडो दुकानांची आणि हजारो नोकरांची ही नफ्यासाठी चालणारी कंपनी. मालक कुटुंब इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंट. मान्यताप्राप्त वीस गर्भनिरोधक पद्धतींपैकी चारांवर त्यांचा आक्षेप होता: आणीबाणीच्या दोन गोळ्या आणि दोन प्रकारच्या तांब्या. फलित झालेले बीज गर्भाशयात रुजू न देण्याचे काम ही साधने करतात, म्हणजे हा गर्भपातच, असे त्यांचे मत. त्यांच्या स्वतःच्या विमा योजनेत यातल्या काही गोळ्या आधीपासून होत्या. वाद उठल्यावर बारकाईने पाहिले तेव्हा ते त्यांच्या ध्यानात आले. पुढे २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘प्लॅन बी’ या गोळीच्या माहितीपत्रकातून बीज रुजण्याला अडथळ्याचा उल्लेखच काढून टाकला, कारण पुरावा तसे सांगत नव्हता. पण तो मुद्दा सोडा. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी भिन्नमतात जे दाखवले ते जास्त बोचरे आहे: तांबी बसवण्याचा एकूण खर्च किमान वेतनावर पूर्णवेळ राबणाऱ्या बाईच्या जवळपास महिन्याच्या पगाराइतका होतो. तासाला सव्वासात डॉलर मिळवणाऱ्या बाईला ‘तुझी तू विकत घे’ म्हणणे सोपे आहे. मालकाच्या श्रद्धेची किंमत मालकाने मोजली नाही, ती तिच्या महिन्याच्या पगारात मोजली गेली.

याउलट त्याच न्यायालयाचा १९८२ चा एक निकाल आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका आमिश सुतार-शेतकऱ्याने आपल्या नोकरांसाठीचा सरकारी निवृत्तिवेतनाचा कर भरायला नकार दिला होता. म्हाताऱ्यांना सांभाळणे हे समाजाचे धर्मकर्तव्य, ते सरकारकडे सोपवणे पाप, अशी त्याच्या पंथाची धारणा. ती अगदी प्रामाणिक होती. आमिश लोक स्वतःही ते निवृत्तिवेतन घेत नाहीत. न्यायालयाने श्रद्धा खरी मानली आणि तरी कर भरायला लावला. कारण दिले ते असे, की व्यापारात स्वखुशीने उतरलेल्याने स्वतःवर घालून घेतलेली बंधने त्याच व्यवसायात काम करणाऱ्या इतरांवर लादता येत नाहीत. तशी सूट म्हणजे मालकाचा धर्म नोकरांवर लादणेच. ‘हॉबी लॉबी’च्या बहुमताला १९९३ च्या धर्मस्वातंत्र्य पुनःस्थापना कायद्याचा आधार होता हे खरे. पण त्या कायद्याची पार्श्वभूमी काय होती? पेयोट ही वनस्पती धार्मिक विधीत घेतल्याबद्दल नोकरी गेलेल्या माणसांना बेकारभत्ता नाकारणारा १९९० चा निकाल. त्या माणसांचा विधी त्यांच्या स्वतःच्या शरीरापुरता होता. दुबळ्याच्या उपासनेचे रक्षण करायला घडवलेली ढाल कंपनीच्या हाती गेली की तिची तलवार होते.

इथे आक्षेप घेणारा म्हणेल, सहभागाचे पाप तुम्ही हलके लेखता. पैसे मी दिले, त्यातून अधर्म झाला, तर माझे मन मला खाणारच. पण हा प्रश्न कॅथलिक नीतिशास्त्राने शतकानुशतके अतिशय बारकाईने चाळला आहे, आणि उत्तरही त्याच्याच पोतडीत आहे. पापकर्माच्या हेतूत सामील होणे वेगळे आणि नुसते साहाय्य घडणे वेगळे. त्या साहाय्यातही जवळचे आणि लांबचे असा फरक ते शास्त्र करते. विम्याचा हप्ता हजारो आजारांसाठी एकत्र जातो, मध्ये विमा कंपनी असते, डॉक्टर असतो, औषधाचे दुकान असते, आणि सगळ्यात शेवटी एक बाई स्वतःच्या मनाने निर्णय घेते. याहून लांबचा सहभाग कल्पिणे अवघड आहे. शिवाय गर्भनिरोधकांबाबत चर्चच्या घरात तरी एकमत कुठे होते? १९६८ च्या ‘हुमाने व्हिते’ या परिपत्रकाने पोप सहाव्या पॉल यांनी कृत्रिम साधनांवरची बंदी कायम केली, ती त्यांच्याच आयोगातल्या बहुसंख्यांचा कौल बाजूला ठेवून. त्यानंतरही अमेरिकेतल्या बहुतेक कॅथलिक स्त्रियांनी कधी ना कधी ही साधने वापरली. प्रवचनाने जे साधले नाही ते पगारपत्रकातून साधावे, अशी ही धडपड दिसू लागते.

दुसरा आक्षेप असा, की गर्भारपण हा आजार नव्हे, मग गोळी हे औषध कसे? पण लसही आजाऱ्याला टोचत नाहीत. ती आजार होऊ नये म्हणूनच असते. लागोपाठची किंवा नको त्या वयातली बाळंतपणे जीव घेतात, हे सांगायला शास्त्रज्ञ नको, कोणतीही सुईण पुरे. आणि मोफत साधनांनी काय होते याचा पुरावा आहे. सेंट लुईस भागात २००७ पासून चाललेल्या ‘चॉइस’ प्रकल्पात नऊ हजारांहून अधिक स्त्रियांना हवे ते साधन फुकट दिले. महाग म्हणून ज्या दीर्घकाळ टिकणाऱ्या साधनांकडे कोणी वळत नव्हते, ती तांबी आणि दंडात बसवायची सळई बहुसंख्य स्त्रियांनी निवडली, आणि त्यांच्यातले गर्भपाताचे प्रमाण आसपासच्या व देशाच्या प्रमाणापेक्षा बरेच खाली आले. कोलोरॅडो राज्याने २००९ पासून गरीब तरुणींना अशीच साधने मोफत पुरवली. २०१४ पर्यंत तिथल्या किशोरवयीन मुलींची बाळंतपणे आणि गर्भपात दोन्ही जवळपास निम्म्यावर आले. त्यात इतर कारणांचाही वाटा असेल, पण दिशा स्पष्ट आहे. गर्भपात हे ज्यांना सर्वांत मोठे पाप वाटते, त्यांनी गर्भपात कमी करणाऱ्या उपायाच्या वाटेत उभे राहावे, हा आपल्याच पायावर धोंडा मारण्याचा प्रकार आहे.

तिसरा आक्षेप: पटत नसेल तर दुसरीकडे नोकरी करा. पण अमेरिकेतल्या रुग्णालयांतल्या साधारण दर सहा खाटांपैकी एक कॅथलिक संस्थेची आहे. लहान गावात तेच एक रुग्णालय असेल तर परिचारिकेने जायचे कुठे? नोकरी देणाऱ्याचा धर्म नोकराच्या गळ्याशी कसा येतो, हे मराठी वाचकाला परके नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्या वेळी ते मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. त्यांचा प्रचार कॉलेजच्या चालकांना खपेना आणि कर्व्यांना ती नोकरी सोडावी लागली. याच विषयावर महाराष्ट्रात दुसराही एक प्रसंग घडला. १९३५ च्या डिसेंबरात संततिनियमनाच्या अमेरिकी पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. गांधीजींचा कृत्रिम साधनांना विरोध कोणत्याही बिशपाइतकाच कडवा होता. त्यांचा मार्ग ब्रह्मचर्याचा. त्यांनी तो मांडला, सँगरबाईंनी आपला मांडला, आणि कोणी कोणाचे मन वळवू शकले नाही. आक्षेप दोन्हीकडे जवळपास एकच. वर्ध्यात तो युक्तिवाद होऊन आला, मुंबईत नोकरीवरचा दाब होऊन आला. श्रद्धेला पहिल्या मार्गाचा हक्क पूर्ण आहे. दुसरा मार्ग श्रद्धेचा नाहीच, तो मालकीचा आहे.

आणि मालकीच्या मार्गाला मधला थांबा नसतो. ‘हॉबी लॉबी’च्या निकालात न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी बजावले होते, की हा निर्णय गर्भनिरोधकांपुरता आहे, लस किंवा रक्त चढवणे यांनाही तो लागू होईल असे कोणी समजू नये. पण २०१७ मध्ये ट्रम्प प्रशासनाने सूट इतकी रुंदावली, की २०२० साली सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी ती टिकली तेव्हा गिन्सबर्ग यांना सरकारच्याच अंदाजाचा हवाला द्यावा लागला: सत्तर हजार पाचशे ते एक लाख सव्वीस हजार चारशे स्त्रियांचे हे संरक्षण जाणार. पुढे २०२२ च्या सप्टेंबरात टेक्सासमधल्या एका न्यायाधीशाने एचआयव्हीचा संसर्ग रोखणाऱ्या गोळ्यांचा खर्च देण्यातूनही एका ख्रिस्ती मालकाच्या कंपनीला सूट दिली, कारण त्याने समलैंगिक वर्तनाला उत्तेजन मिळते असे त्या मालकाला वाटत होते. तांबीवरून सुरू झालेली गोष्ट आठ वर्षांत संसर्गजन्य रोगाच्या प्रतिबंधापर्यंत पोचली. आज गोळी, उद्या काय, ही भीती कल्पनेतली राहिली नाही.

मग बिशपांचे आणि धर्मभगिनींचे समाधान होण्याची वाटच नाही का? आहे, आणि ती त्यांच्याच परंपरेतून जाते. अमेरिकेतल्या बिशपांनी १९१९ साली सामाजिक पुनर्रचनेचा जो कार्यक्रम जाहीर केला, त्यात आजारपण, अपंगत्व, बेकारी आणि म्हातारपण यांसाठी सामाजिक विम्याचा पुरस्कार होता. पोप तेविसाव्या जॉन यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेरिस’मध्ये वैद्यकीय मदत हा माणसाचा हक्क मानला. २०१० मध्ये बिशपांच्या परिषदेने गर्भपाताच्या मुद्द्यावरून ओबामांच्या विधेयकाला विरोध केला, तेव्हा कॅथलिक रुग्णालयांच्या संघटनेच्या प्रमुख सिस्टर कॅरोल कीहान मात्र पाठिंबा देऊन उभ्या राहिल्या. रोज रुग्ण बघणारी धर्मभगिनी एका बाजूला आणि शिकवण जपणारा बिशप दुसऱ्या बाजूला, हे दृश्य खूप बोलके आहे. सर्वांना आरोग्यसेवा हवी, पण मालकाच्या हप्त्यातून गर्भनिरोधक नको, या दोन्ही मागण्या एकदम पुऱ्या करणारी एकच रचना आहे: आरोग्यविमा मालकाच्या हातून काढून सार्वजनिक करायचा. गंमत अशी, की अलिटो यांच्या निकालातही हेच सूत्र आहे. सरकारला ही साधने पोचवायचीच असतील तर सर्वांत सरळ मार्ग म्हणजे त्यांचा खर्च सरकारनेच उचलावा, असे त्यात सुचवले आहे. ज्या आरोग्यव्यवस्थेला ‘धर्मविरोधी’ म्हणून झोडपले जाते, मालकाच्या सदसद्विवेकाला खरी सुटका तीच देते.

यावर शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. सरकारी योजना करातून चालणार, कर श्रद्धाळूही भरणार, मग पाप तेच राहिले. पण हा व्यवहार अमेरिकेत अर्धशतक चालू आहे. १९७० साली रिचर्ड निक्सन यांनी गरिबांच्या कुटुंबनियोजनासाठी केंद्रीय निधीच्या कायद्यावर सही केली. १९७२ पासून गरिबांच्या ‘मेडिकेड’ योजनेत कुटुंबनियोजन सक्तीने आहे आणि त्या खर्चातले शंभरातले नव्वद डॉलर केंद्राचे असतात. त्यात कॅथलिकांचाही कर आहे, आणि त्यासाठी कोणी आमिशाला किंवा बिशपाला करमाफी दिलेली नाही. युद्ध न मानणाराही लष्कराचा कर भरतो. कर सर्वांचा, निर्णय मतपेटीचा, त्यामुळे एकट्याच्या माथी पाप येत नाही. उलट बाजूचा धोका मात्र मान्य केला पाहिजे. सगळी सेवा सरकारच्या हाती गेली की एका कायद्याने सगळ्यांचीच दोरी आवळता येते. १९७६ च्या हाइड दुरुस्तीने केंद्राच्या पैशातून होणारे बहुतेक गर्भपात बंद केले ते असेच. आयर्लंडमध्ये तर १९५१ साली आरोग्यमंत्री नोएल ब्राउन यांची आया आणि सोळा वर्षांखालच्या मुलांसाठीची मोफत योजना बिशप आणि डॉक्टर यांनी मिळून हाणून पाडली; ब्राउन यांना राजीनामा द्यावा लागला. बिशपांना भीती होती ती सरकारी दवाखान्यात बायकांना संततिनियमनाचा सल्ला मिळण्याची. पण तिथली गोष्ट इथे संपत नाही. तो पराभव उघड्यावर झाला, लोकांनी पाहिला, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला, आणि २०२२ च्या सप्टेंबरात त्याच आयर्लंडने सतरा ते पंचवीस वयाच्या स्त्रियांना गर्भनिरोधके मोफत द्यायला सुरुवात केली. संसदेतला निर्णय बदलायला मत असते. मालकाच्या देव्हाऱ्यातला निर्णय बदलायला नोकराकडे काय असते?

म्हणून धर्माचा कैवार घेणाऱ्यांनी आणि स्त्रियांचा कैवार घेणाऱ्यांनी एकमेकांवर जो दारूगोळा उडवला, त्यातला बराचसा भलत्याच ठिकाणी पडला. खोट १९४२ च्या त्या तडजोडीत होती, जिने माणसाच्या आरोग्याची किल्ली त्याच्या मालकाच्या कमरेला लावली. ती किल्ली तिथे आहे तोवर हा विमा पगारच समजला पाहिजे, आणि पगारावर देणाऱ्याची श्रद्धा चालत नाही. ती किल्ली तिथून निघाली, तर वृद्धांची सेवा करणाऱ्या त्या धर्मभगिनींना नोकरांच्या गोळ्यांची चिंता करावी लागणार नाही, आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या बाईला आपल्या अंथरुणाचा हिशेब मालकाकडे द्यावा लागणार नाही. फॉर्म ७०० वर सही करायची की नाही, हा प्रश्न मग कोणालाच पडणार नाही, कारण तो फॉर्म छापायचे कारणच उरणार नाही.